घारापुरीची आवक-जावक

भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. तेरा फुटांहून थोडा लांब, सव्वासात फुटांच्या आसपास उंच. पोरं आधी त्याच्या सोंडेला हात लावायला धावतात आणि मागून आया ओरडतात. जवळ गेलं की सांधे दिसतात. मानेपाशी, पोटाखाली, पायांवर बुजवलेल्या रेषा आहेत. फुटलेला हत्ती कुणीतरी तुकडे जुळवून पुन्हा उभा केलाय हे कळायला पाटी वाचावी लागत नाही.

हा घारापुरीचा हत्ती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज त्या बेटाच्या दक्षिण अंगाला, राजबंदरच्या बाजूने उतरायचे तेव्हा किनाऱ्यालगत हाच समोर दिसायचा. त्यांनी बेटाला नाव दिलं ‘एलेफंटा’. ज्याच्यावरून नाव पडलं तो आज भायखळ्यात आहे आणि नाव मात्र बेटावर, लाँचच्या तिकिटावर, जगभरच्या पुस्तकांत. बेटावरची माणसं आपापसांत आजही ‘घारापुरी’च म्हणतात, ‘एलेफंटा’ हे गिऱ्हाइकाशी बोलताना.

हत्ती गेला तोही सरळपणे गेला नाही. सप्टेंबर १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी उरलेला हत्ती विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेन तुटली, हत्ती खाली आपटला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. फुटका माल लंडनला कोण पाठवणार? जॉर्ज बर्डवुड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते तुकडे व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, आणून टाकले. तिथे ते पन्नास वर्षं पडून होते. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते पुन्हा जुळवले. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की या हत्तीच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी कोरलेला होता. कुणी त्याला हत्तीचं पिल्लू म्हटलं, कुणाला तो वाघ वाटला. आता त्याचा पत्ता नाही.

मला या हत्तीबद्दल नेहमी एक वाटतं. क्रेन तुटली नसती तर तो आज लंडनच्या एखाद्या दालनात काचेपलीकडे असता आणि आपण त्याला परत आणण्याच्या मागण्या करत बसलो असतो. क्रेन तुटली म्हणून तो निदान लोकलच्या तिकिटात बघता येतो. यावर हसावं की चरफडावं हे मी अजून ठरवलेलं नाही.

कुठल्याही ग्रामपंचायतीच्या कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. आलेला कागद आवकमध्ये, गेलेला जावकमध्ये, पुढे तारीख आणि क्रमांक. घारापुरीचा इतिहास मला असाच मांडावासा वाटतो. बेटाबद्दल लिहिणारे बहुतेक जण राजवटींचा क्रम लावतात: कोकणचे मौर्य की कलचुरी, मग चालुक्य, राष्ट्रकूट, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. हा क्रम खरा आहे, पण त्यातले बहुतेक राज्यकर्ते बेटावर कधी राहिले नाहीत. बेटावर राहणाऱ्याला राजा बदलला हे किती दिवसांनी कळत असेल कोण जाणे. बंदराला काय लागलं आणि बंदरातून काय गेलं, हे मात्र त्याला त्याच दिवशी दिसत असणार.

पहिली मोठी आवक फार जुनी आहे. मोराबंदरच्या बाजूला, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली आहेत. दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे ते कुंभ. दारू, तेल असा माल त्यांतून भूमध्य समुद्राकडून यायचा. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत आणि त्याच अंगाला दोन बौद्ध लेणी. लोक ज्या शैव लेण्याला येतात ते पश्चिमेच्या टेकडीवर. त्रिमूर्ती बघून माणसं खाली उतरतात, लाँच पकडतात, पण त्याआधी कित्येक शतकं इथे बंदर होतं आणि माल उतरत होता. खापरांना कुणी फोटो काढायला थांबत नाही, त्यात नवल नाही. खापर ते खापरच.

दुसरी आवक नाण्यांची. कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची बारकी नाणी या बेटावर मोठ्या संख्येने मिळाली आहेत. सहाव्या शतकातली. त्यावरूनच काही अभ्यासकांनी मुख्य लेणं कलचुरींच्या काळाशी जोडलं आणि एक तर्क असा मांडला की ही चिल्लर लेणं कोरणाऱ्यांच्या मजुरीची असावी. तर्कच आहे, पण मला तो फार आवडतो. अठरा-वीस फूट उंचीचा तो तीन मुखांचा सदाशिव, म्हणजे लोक म्हणतात ती त्रिमूर्ती, बघताना ‘कलाकार’, ‘शिल्पी’ असे मोठे शब्द सुचतात. तांब्याचं नखाएवढं नाणं समोर ठेवलं की दुसरं चित्र दिसतं: बेसॉल्टच्या कपारीत दिवसभर छिन्नी मारून, धुळीने माखून, संध्याकाळी मजुरी मोजून घेणारा माणूस. त्याला कुठे राहायला मिळत होतं? पाणी कुठलं प्यायचा? लेण्यांपाशी कातळात खोदलेली टाकी आहेत, ती आधी कुणासाठी खोदली असतील? तीनशे-साडेतीनशे वर्षांनी आलेला भाविक देव बघतो, बाराशे वर्षांनी आलेला साहेब शिल्प मोजतो. मजुराचा हिशोब त्या चिल्लरीतच राहिला.

आणखी एक नोंद आहे, तिला आवक म्हणावं की हल्ला, ते ज्याने त्याने ठरवावं. बदामीच्या चालुक्य पुलकेशी दुसऱ्याची प्रशस्ती ऐहोळेच्या जैन मंदिरावर कोरलेली आहे, इसवी सन ६३४ ची, कवी रविकीर्तीची. त्यात कोकणच्या मौर्यांची ‘पुरी’ येते. कवी तिला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणतो आणि सांगतो की पुलकेशीने शेकडो नावांनी ती चिरडली. त्या नावा कशा दिसत होत्या? मदमस्त हत्तींच्या कळपांसारख्या. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असं काहींचं म्हणणं. काही जण राजपुरी-दंड्याकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही आणि मी त्यात पडत नाही. पण समुद्रातून हत्तींसारख्या नावा चालून येतायत हे वर्णन वाचून राजबंदरच्या किनाऱ्यावरचा दगडी हत्ती आठवल्याशिवाय राहत नाही.

आता जावक. हत्तीच्या आधी गेला तो शिलालेख. गुजरातच्या बहादूरशहाशी डिसेंबर १५३४ मध्ये वसईला तह झाला आणि साष्टी, मुंबई आणि आजूबाजूची बेटं पोर्तुगीजांकडे आली, त्यात घारापुरीही. दियोगो द कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की लेण्याच्या दारावर एक लेख कोरलेला दगड होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला. राजाने वाचता येईल असा माणूस शोधला, हिंदू-मुसलमान कुणालाच तो वाचता आला नाही, आणि पुढे दगडच हरवला. बस्स, एवढीच नोंद. अजिंठ्यात, नाशकात, कार्ल्यात दानलेख आहेत. कुठल्या व्यापाऱ्याने खांब दिला, कुठल्या भिक्षुणीने टाकं खोदवलं हे नावानिशी वाचता येतं. घारापुरीच्या मुख्य लेण्याला आज नाव सांगणारं काही नाही. ‘कुणी कोरलं’ या प्रश्नावर चारशे वर्षं जे कागद खर्ची पडले ते सगळे त्या एका दगडाच्या जावकीमुळे. लिस्बनच्या कुठल्यातरी पायात, पायरीत, भिंतीत तो पालथा घातलेला असेल असं मनात येतं.

कोतोने आणखी एक सांगितलंय, जे गाइड सहसा सांगत नाहीत. त्याच्या मते लेण्याच्या आतल्या बाजूला चुना आणि इतर मिश्रणाचा लेप होता, त्याने सगळं लखलखत असे. म्हणजे आपण जो उघडा काळा कातळ बघून ‘काय गांभीर्य!’ म्हणतो, ते गांभीर्य बरंचसं लेप गळून पडल्याचं आहे. मूर्तींचे हातपाय तुटले ते पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजी केली म्हणून, असं प्रत्येक गाइड सांगतो. सैनिकांच्या मस्तीचा उल्लेख कोतोच करतो, तेव्हा ते निराधार नाही. पण झिरपणाऱ्या पाण्यानेही बराच घास घेतलाय. पावसाळ्यात गेलात तर छतातून थेंब पडताना दिसतील, आणि ते काही पोर्तुगीज नाहीत.

एक घोडाही होता. सतराव्या शतकात आलेल्या फ्रायर आणि ओव्हिंग्टन या इंग्रज प्रवाशांनी दगडी घोड्याचा उल्लेख केलाय. पुढे तो नाहीसा झाला. हत्तीचे निदान तुकडे तरी मिळाले.

पोर्तुगीजांनंतर बेट मराठ्यांकडे होतं, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी घेतली तेव्हा तेही गेलं. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, उरणजवळचं करंजा, हॉग आयलंड यांच्या रांगेत एलेफंटाचं नाव आहे. पुण्याच्या आणि कलकत्त्याच्या माणसांनी ग्वाल्हेरजवळ बसून केलेल्या कागदात. बेटावरच्या कुणाला विचारलं असेल असं समजायचं कारण नाही.

याच सुमाराला वाढली पाहुण्यांची आवक, जी आजतागायत थांबलेली नाही. १७६४ मध्ये जर्मन प्रवासी कार्स्टन नीबूर आला, त्याने आराखडे आणि चित्रं काढली. १८१३ मध्ये विल्यम अर्स्किनने लेण्यावर सविस्तर निबंध वाचला. १८७१ मध्ये जेम्स बर्जेसचं पुस्तक निघालं. आणि १८७५ च्या नोव्हेंबरात खुद्द प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईला आला तेव्हा त्याला मेजवानी दिली गेली ती या मुख्य लेण्यात. खांबांच्या मधून टेबलं मांडली, दिव्यांनी लेणं उजळलं, आणि सदाशिवाच्या समोर काटे-चमचे वाजले. त्या रात्री खालच्या वाड्यांतली माणसं काय करत असतील? सामान वर कुणी वाहिलं? एवढं मोठं टेबल, खुर्च्या, बर्फ, बाटल्या हे सगळं त्या चढावरून आपोआप चढलं नसणार. बातम्यांत युवराज आहे, गव्हर्नर आहे, हमाल नाही.

ती उजेडाची रात्र ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

पाहुणे वाढले तसा बेटाचा दरवाजाच बदलला. पूर्वी लोक दक्षिणेला राजबंदरकडून उतरून टेकडी चढायचे. हत्ती त्या वाटेवर होता. पुढे उतरायची जागा शेतबंदरच्या बाजूला सरकली आणि तिथून लेण्यापर्यंत दगडी पायऱ्या झाल्या. आज त्याच पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी ताडपत्रीखाली दुकानं आहेत: मण्यांच्या माळा, दगडी कासवं, टोप्या, पितळी होकायंत्रं. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुकगाडी. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली, खुर्चीला दोन बांबू बांधून चार माणसं उचलतात. डोक्यावर पितळी हंडे रचून फोटोसाठी उभ्या राहणाऱ्या बायका. पहिल्यांदा मला ते बघून कसंसंच झालं होतं. नंतर त्यातल्याच एकीशी बोलत बसले तर ती म्हणाली, “खरं पाणी आणताना कोन फोटो काढत नव्हतं ताई. आता रिकामे हंडे उचलते नि पैशे मिल्तात. मग कुठलं बरं?” मी गप्प बसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बेटावर तीन वाड्या आहेत: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. मिळून हजार-बाराशे माणसं, मुख्यतः आगरी आणि कोळी. तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईच्या गेटवेवरून दिसतं म्हणून लोकांना ते मुंबईचंच वाटतं, पण दाखला काढायचा तर उरणला जावं लागतं, जिल्ह्याच्या कामाला अलिबागला. पर्यटक उतरतो तो शेतबंदरला. त्यामुळे दुकानं, हॉटेलं, गाइड हा सगळा धंदा त्या अंगाला. बाकीच्या वाड्यांतली माणसं रोज टेकडी ओलांडून धंद्याला येतात. राजबंदर, जिथे हत्ती होता, जिथे कधीकाळी आरमारं लागत असतील, तिथे आज परका माणूस क्वचित पोचतो. टेकडीच्या माथ्यावर दोन अवाढव्य तोफा आहेत, तिथवर काही हौशी जातात, फोटो काढतात आणि मागे फिरतात. खाली उतरलं की गाव आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

मासेमारी हा मूळ धंदा. १९८९ च्या मे महिन्यात समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. आज मोराबंदरकडून बघितलं की क्रेनांची रांग आणि रंगीत कंटेनरांच्या थप्प्या, पश्चिमेला जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूची लांबलचक रेघ. देशातला केवढा तरी माल रोज या बेटाला वळसा घालून जातो. बोटींची ये-जा, चॅनलमधला गाळ उपसणं, तेल, या सगळ्यात जवळचा मासा कमी झाला ही तक्रार खाडीकाठच्या प्रत्येक कोळीवाड्यात ऐकू येते, इथेही येते. १९८७ मध्ये लेण्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. त्याने पाहुणे वाढले आणि नियमही. घराला नवी खोली काढायची म्हटली की परवानगीचे खेटे. बाहेरच्या माणसाला बेटावर रात्री राहता येत नाही. सोमवारी लेणी बंद, म्हणजे बेटाचा बाजारही बंद.

वर्षातून एक दिवस मात्र सगळे हिशोब उलटे होतात. महाशिवरात्रीला उरण, न्हावा, पनवेल, बेलापूर पट्ट्यातली माणसं मिळेल त्या होडीने येतात. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं, हातात बेलाची पानं आणि दुधाची पिशवी. एरवी ज्या लेण्याकडे ‘मध्ययुगीन भारतीय शिल्पकलेचा उत्तम नमुना’ म्हणून बघितलं जातं, तिथल्या चार दारांच्या गाभाऱ्यातलं लिंग त्या दिवशी ओलं होतं, फुलांनी झाकून जातं. द्वारपालांच्या तुटक्या पायांशी नारळ फुटतात. त्या गर्दीत एका आजीने मला सरळ ढकललं आणि वर म्हणाली, “सरक गो बाय, बघायला काय, रोज येतंस!” मी रोज येत नव्हते, पण तिच्या दृष्टीने शिवरात्रीखेरीज येणारे सगळे एकाच जातीचे.

इतकं सगळं येतं-जातं ते समुद्रावरून. गेटवेहून लाँचने साधारण तास लागतो. अंतर दहा-अकरा किलोमीटर. बेटावरच्या माणसाला आजारपण, बाळंतपण, कॉलेज, कोर्ट, लग्नाचा बस्ता, सगळ्यालाच पाण्यावर पाय ठेवावा लागतो. रात्री-अपरात्री कुणाला कळा आल्या तर होडीवाल्याला उठवायचं, भरती आहे का बघायचं, मग निघायचं. ओहोटीला गाळात होडी रुतते. बेटावर शिकून पुढे काही करायचं तर पोराला न्हाव्याला किंवा उरणला नातेवाइकाकडे ठेवायचं, नाहीतर आख्खं कुटुंबच तिकडे बिऱ्हाड हलवतं. ही जावक कुणी मोजत नाही, पण शाळेच्या पटावर ती आधी दिसते.

१८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल नावाच्या लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. लाँचवर शंभराहून जास्त माणसं होती. पंधरा जण गेले. आपल्यापैकी अनेकांनी तो व्हिडिओ फोनवर बघितला: वर्तुळात फिरत येणारी बोट, आणि मग धडक. नंतर लाइफ जॅकेट सक्तीची झाली, काही दिवस पर्यटक घटले. बेटावरच्या माणसाला मात्र ‘काही दिवस जायला नको’ म्हणायची सोय नव्हती. तीच वाट, तेच पाणी. दुसऱ्या दिवशी दूध आणायला, दवाखान्यात जायला कुणीतरी निघालंच असणार.

आता दिव्यांकडे येते.

समोर मुंबई रात्रभर लखलखते. नरिमन पॉइंटपासून ट्रॉम्बेपर्यंत दिव्यांची माळ, मागे न्हावा-शेव्याचे फ्लडलाइट, मधे तेलाच्या धक्क्यावरचे दिवे. या सगळ्याच्या मधोमध घारापुरी अंधारात. बेटावर पर्यटन महामंडळाचा डिझेल जनरेटर होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला तो सुरू व्हायचा आणि दहाच्या सुमाराला बंद. तीन तास. त्या तीन तासांत बेटाचा सगळा संसार उरकायचा: पोरांचा अभ्यास, मोबाइलचं चार्जिंग, मिक्सर, टीव्हीवरची मालिका. त्यातही डिझेल आलं नाही, यंत्र बिघडलं, की सगळंच राहिलं. एका माणसाने मला सांगितलं की त्यांच्या घरी वाटण करायची वेळ आणि मालिकेची वेळ एकच असल्याने रोज भांडण व्हायचं, कारण मिक्सर लावला की टीव्हीचं चित्र आकसायचं. दहाला जनरेटरची घरघर थांबली की आपोआप सगळं गाव गप्प व्हायचं, आणि उकाड्याच्या दिवसांत माणसं चटई घेऊन अंगणात यायची. हे सांगताना त्याच्या आवाजात गतकाळाचा गहिवर नव्हता. “मच्छर खायचे,” एवढंच म्हणाला.

शहरातून गेलेल्या माणसाला ते बिनविजेचं गाव रम्य वाटायचं, हे मी इतरांच्या लिखाणात वाचलंय आणि मला त्याचा राग येतो. फ्रिज नसला की कोळ्याच्या घरातली मासळी त्याच दिवशी विकावी किंवा सुकवावी लागते. टपरीवर थंड पाण्याची बाटली विकायची तर बर्फ लाँचने मागवावा लागतो आणि अर्धा वाटेतच वितळतो. रात्री साप निघाला तर टॉर्च. बाळंतिणीला पंखा नाही. यात रम्य काय आहे?

२२ फेब्रुवारी २०१८ ला वीज आली. स्वातंत्र्य मिळून सत्तर वर्षं उलटून गेल्यावर. महावितरणने न्हाव्याच्या बाजूने समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकली, खर्च सुमारे पंचवीस कोटी. काम सव्वा वर्ष चाललं. नुसती केबल अंथरून भागत नाही. या चॅनलमधून अजस्र जहाजं जातात, नांगर टाकतात, त्यामुळे ती समुद्राच्या तळात पुरून घालावी लागते. तीन वाड्यांना तीन ट्रान्सफॉर्मर बसले, घरोघरी मीटर लागले, रस्त्यांवर उंच खांबांचे दिवे आले. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते उद्घाटन झालं, भाषणं झाली, सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो आले.

युवराजाच्या मेजवानीची ती रोषणाई १८७५ ची. तिथपासून खालच्या वाडीत रात्री दहानंतर दिवा जळायला १४२ वर्षं लागली. मला विचाराल तर घारापुरीच्या इतिहासातल्या मोठ्या तारखा मी अशा लावीन: कृष्णराजाची चिल्लर, कोतोचा हरवलेला दगड, आणि २२ फेब्रुवारी २०१८. पुलकेशी आणि युवराज त्यांच्यानंतर. पुरातत्त्वाच्या पाटीवर यातलं काय येईल ते माहीत आहे, आणि पाटी लिहिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांचं काम दगडाचं.

मध्यंतरी गेले होते तेव्हा उन्हाचा कडाका होता. वर लेण्यापर्यंत चढायची इच्छाच झाली नाही. पायऱ्यांच्या मध्यावर एका टपरीत बसले. मावशींनी फ्रिजमधून कोकम सरबताची बाटली काढली, बाहेरून दव धरलेली. बोरं, चिंचा, कच्च्या कैऱ्यांच्या फोडी मीठ-तिखट लावून पुढ्यात मांडलेल्या, आणि एका हातात माकडांसाठी काठी, ती मात्र काही बदललेली नाही. मी विजेबद्दल विचारलं. वाटलं, काहीतरी लिहिण्याजोगं मिळेल. पहिल्या रात्री काय केलंत, कसं वाटलं, असले आपले ठरलेले प्रश्न. मावशींना आठवेना. “आली नि काय. बरं झालं,” म्हणाल्या. मग जरा विचार करून, “तवा ह्यो दुसरीत होता,” असं आतल्या नातवाकडे बोट दाखवून सांगितलं.

नातू आतल्या खोलीत मोबाइलवर क्रिकेट बघत लोळत होता. थोड्या वेळाने उठून चप्पल सरकवली आणि जेट्टीकडे पळाला. खोलीत पंखा भरधाव फिरत राहिला. मावशींचं लक्ष माझ्या सुट्ट्या पैशांवरून तिकडे गेलं. काठी आपटत त्या दारात गेल्या आणि खाली उतरणाऱ्या पोराच्या पाठीवर ओरडल्या, “पंका कोन बंद करंल, तुजा बा? लाइट फुकाट येतं काय रं मेल्या!”